तीन मुलं, तीन वयं आणि शिकवणारी मी एकटी: आठवडा कसा बसवायचा?

मृणाल_तळेगाव

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबण लागेल. आम्ही तळेगाव दाभाड्याला राहतो, नवऱ्याची चाकणला शिफ्ट ड्युटी, एक आठवडा सकाळची तर एक रात्रीची, त्यामुळे दिवसभर घरात मी आणि तीन मुलं. मोठी १२ वर्षांची, शाळेत असती तर आत्ता सातवीत, मधला ८ चा म्हणजे तिसरी, आणि धाकटी नुकतीच ४ ची झालीये. जूनपासून वरच्या दोघांना घरीच शिकवायला घेतलंय. कारण थोडक्यात सांगते, मधल्याला दुसरीत जोडाक्षरं वाचता येईनात म्हणून त्याला वर्गात सगळ्यांपासून वेगळं बसवायला लागले, रोज सकाळी सात वाजता याच्या पोटात दुखायचं, डॉक्टर म्हणाले पोटात काही नाहीये. मोठीची तशी काही तक्रार नव्हती पण त्याला घरी ठेवायचं ठरलं तेव्हा तीच म्हणाली मलापण घरी शिकायचंय, आणि आम्ही विचार करून दोघांचेही दाखले काढले.

आता मूळ प्रश्न. मी कार्डशीटवर मस्त टाइमटेबल केलं, तीन रकाने, चाळीस-चाळीस मिनिटांचे तास, ९ ते १ शाळेसारखंच. पहिल्या सोमवारी ११ वाजेपर्यंत ते बाराच्या भावात गेलं. मागच्या मंगळवारचंच सांगते, मधला ५२ वजा २७ करायला बसला, मी खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या करून दिल्या होत्या, पाच जुड्या आणि दोन सुट्या, आता सात काड्या कशा काढणार तर एक जुडी सोडायची, हे त्याला कळायला लागलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तेवढ्यात धाकटीने येऊन सगळ्या जुड्यांची रबरं काढून हातात बांगड्या म्हणून घातली. तो रडायला लागला, ती रडायला लागली, कुकरची तिसरी शिट्टी झाली. मोठीला म्हटलं जरा हिला घे गं, तर तिने घेतलं, काही न बोलता. ती नेहमीच घेते. मधल्याचं वाचन पण बऱ्याचदा तीच घेते, माझ्यापेक्षा छान घेते खरं तर.

शुक्रवारी रात्री वह्या तपासत होते. मोठीने पूर्णांकांच्या गुणाकाराची गणितं सोडवली होती, एका ठिकाणी (−३) × (−२) लिहून पुढे बरोबरचं चिन्ह आणि मोकळी जागा. त्या दिवशी तिने मला विचारलं होतं, आई ऋण गुणिले ऋण धन कसं काय होतं, आणि मी म्हटलं होतं नंतर सांगते. त्या मोकळ्या जागेखाली समासात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं, माझा तास कधी?

मला रात्रभर झोप लागली नाही. ती शाळा सोडून घरी आली ती माझ्याकडे शिकायला, आणि मी तिला मदतनीस करून टाकलं.

तर विचारायचं असं की ज्यांच्याकडे वेगवेगळ्या वयाची मुलं आहेत ते आठवडा कसा लावतात, धाकटीचं काय करायचं, आणि मोठ्या मुलीची मदत किती घ्यावी. प्लीज नीट सांगा, सोमवारपासून नव्याने सुरू करायचंय.

---

सायली_कोथरूड

मृणाल, सगळ्यात आधी ते कार्डशीट काढून टाक गं. शाळेत ३५ मिनिटांचा तास असतो कारण तिथे चाळीस-पन्नास मुलं असतात, हजेरी, वह्या काढा, गप्प बसा यातच निम्मा वेळ जातो, घरी एका मुलाबरोबर २० मिनिटं नीट बसलं की तेवढं होतं. माझ्याकडे दोन आहेत, १० आणि ६, आम्हाला चार वर्षं झाली. पहिलं वर्ष तुझ्यासारखंच गेलं.

माझं काय बसलं ते सांगते. भाषा वाचन आणि गणित ही दोनच कामं प्रत्येकाची वेगवेगळी, बाकी सगळं एकत्र. परिसर, इतिहास, विज्ञान, चित्र यासाठी इयत्ता लागतच नाही. तू आठवड्याला एक गोष्ट पकड आणि तिघांना तीच दे, फक्त तिचं माप वेगळं. आत्ता तुमच्याकडे पाऊस आहे ना, तर पाऊसच घे. दोन लिटरची बाटली वरून काप, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसव. बाटलीचा बूड खडबडीत असतो म्हणून तळाशी खडे टाकून सपाट भागापर्यंत पाणी भरायचं, तिथे मार्करने शून्याची रेघ, आणि त्या रेघेपासून वर पट्टी चिकटवायची. रोज सकाळी ८:३० ला मोजायचं. साडेआठच का तर आपलं हवामान खातं पण दिवसाचा पाऊस सकाळी ८:३० ते ८:३० असाच धरतं, म्हणजे तुमचा आकडा पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येतो. शिवाजीनगरला ते सिमला ऑफिस आहे ना, तेच ते, १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं म्हणून लोक अजून त्याला सिमला ऑफिस म्हणतात, कधी पुण्यात आलात तर बाहेरून तरी दाखव मुलांना.

धाकटीने फक्त बाटली रेघेपर्यंत रिकामी करायची, तिला तेच काम सगळ्यात भारी वाटेल बघ. मधल्याने मिलिमीटर वाचून तक्त्यात लिहायचे. मोठीने सरासरी, आलेख, आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर बरोब्बर एक लिटर पाणी हे तिला सांगून ठेव, पुढचं ती स्वतः करेल. तिघांचं एकच काम, कुणी कुणाचा मदतनीस नाही.

आणि त्या समासातल्या ओळीचं उत्तर तोंडी देऊ नकोस, सोमवारच्या दिवसात तिचा तास लिही आणि तो पाळ. दुपारी धाकटी झोपते ना? तो वेळ फोनचा नाही, भांड्यांचा नाही, तो तिचा.

---

नीलेश_चिंचवड

ताई राग मानू नका पण स्पष्ट बोलतो. तीन मुलं, घरात दुसरं कोणी नाही, मिस्टरांची शिफ्ट, हे झेपणार आहे का? एका शाळेने वाईट वागवलं म्हणून सगळ्याच शाळा तशा नसतात, दुसरी बघा. माझी बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, तिच्या वर्गात मुलं आनंदाने येतात. आणि मुलं मुलांमध्येच वाढतात हे माझं ठाम मत आहे. दुसरं म्हणजे दहावीचं काय? मोठी आता सातवीची म्हणजे तीन वर्षं राहिली, त्याचा विचार केलाय का? पोरगी हुशार दिसतेय म्हणून काळजीने विचारतोय.

---

अमित_नाशिक

नीलेशदादा, काळजी रास्त आहे पण दहावीची वाट बंद होत नाही, माहिती असलेली बरी म्हणून लिहितो, माझा मुलगा याच वाटेने गेलाय.

एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, केंद्र सरकारचं बोर्ड आहे. १४ पूर्ण झाली की दहावीला नोंदणी, पाच विषय घ्यायचे, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षं चालते, म्हणजे सगळे विषय एकाच दमात द्यायलाच पाहिजेत असं नाही. मराठी माध्यम पण आहे. शिवाय आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ निघालंय, त्यात पाचवी आणि आठवीच्या पातळीची पण परीक्षा देता येते. आणि आपला जुना १७ नंबरचा फॉर्म आहेच, खाजगी बसून राज्य बोर्डाची दहावी. मृणालताई, शाळा सोडल्याचा दाखला मात्र लॅमिनेट न करता नीट फाइलला ठेवा, जन्मदाखल्यासकट, पुढे प्रत्येक ठिकाणी तोच मागतात.

कायद्याचं पण सगळे विचारतात. आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, ६ ते १४ वयाला, त्यात मुलाला जवळच्या शाळेत घालणं आईवडिलांचं कर्तव्य म्हटलंय पण घरी शिकवलं म्हणून आईवडिलांना दंड किंवा शिक्षा असं कलम नाहीये. सर्वेक्षणाला शिक्षक किंवा अंगणवाडी ताई दारात आल्या तर चिडायचं नाही, मुलांच्या वह्या दाखवायच्या, काय करतो ते सांगायचं. आमच्याकडे दोनदा आले, चहा घेऊन गेले.

मुलांमध्ये मुलं हे मात्र नीलेशदादांचं मला पटतं. त्यासाठी संध्याकाळचं मैदान रोज पाहिजेच पाहिजे, पाऊस असला तरी.

---

राधिका_बर्लिन

इथे जर्मनीत घरी शिकवायला परवानगीच नाहीये, शाळा सक्तीची आहे, तरी लिहितेय कारण शनिवारचं मराठी मी घरी घेते, ९ आणि ५ वर्षांच्या दोघांचं. आमच्याकडे बर्लिनमध्ये बऱ्याच शाळांत पहिली-दुसरी मुद्दाम एकाच वर्गात बसवतात, काही ठिकाणी तिसरीपण. माझा मोठा पहिलीत असताना मला वाटलं होतं हा काय प्रकार, शिक्षक कमी पडले की काय. पण तसं नव्हतं. लहान मूल मोठ्याचं बघून शिकतं आणि मोठं मूल लहानाला दाखवताना स्वतःचं पक्कं करतं. फक्त त्या बाई एक गोष्ट कटाक्षाने करायच्या, मोठ्या मुलांना आठवड्यात काही वेळ लहानांशिवाय बोलवायच्या. तेव्हा लहानांना दुसरीकडे पाठवायच्या.

शनिवारी मी ई-बालभारतीवरून पुस्तकं उतरवून घेते, फुकट आहेत, एकच धडा दोघांना वाचून दाखवते, धाकटा त्याचं चित्र काढतो आणि मोठा त्यातली पाच वाक्यं लिहितो. अंकांचा गोंधळ आमच्याकडे जबरदस्त, जर्मनमध्ये पण एकक आधी म्हणतात त्यामुळे एकवीस-बावीस सोपे गेले पण एकोणतीस, एकोणसाठ, एकोणऐंशीला गाडी अडते. मृणाल, तुझा मधला अडतो का तिथे?

---

गुरुजी_भोर

मृणालताई, मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. ३३ वर्षं नोकरी, त्यातली २१ द्विशिक्षकी शाळांवर गेली, भोर तालुक्यात डोंगरातल्या वाड्यांवर. आरटीईत आज साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असं लिहिलेलं आहे, पण दोन शिक्षकांत चार-चार वर्ग हे आमच्या वेळेपासूनचं आहे, आम्ही त्याला जोडवर्ग म्हणायचो. मी पहिली-दुसरी आणि सोबतचे गुरुजी तिसरी-चौथी, आणि ते टपाल घेऊन तालुक्याला गेले की चारही वर्ग माझ्याकडे. तेव्हा तुमची अडचण मला नवी नाही.

जोडवर्गाचा एक नियम आहे तो सांगतो, एका वेळी नवीन एकालाच शिकवायचं. एकाला नवीन, दुसऱ्याला सराव, तिसऱ्याला हातकाम. तुम्ही मंगळवारी मधल्याला वजाबाकी नवीन, मोठीला पूर्णांक नवीन आणि धाकटीला काहीच नाही असं केलंत, तिथे कुणीही शिक्षक असता तरी मोडला असता. मोठी पूर्णांक शिकत असेल तेव्हा मधल्याने काल आलेल्या वजाबाक्या करायच्या, ज्यात त्याला तुमची गरज पडणार नाही अशाच.

दुसरं, सुरुवात धाकटीपासून करा. सगळे उलटं करतात, मोठ्यांचा अभ्यास महत्त्वाचा म्हणून धाकट्याला आधी गप्प करायला बघतात, आणि ते मूल दिवसभर मागे लागतं. पहिलीची पोरं शाळेत आली की मी पहिली १५ मिनिटं बाकी तिन्ही वर्गांना शुद्धलेखनाला लावायचो आणि पहिलीत खाली बसकूर टाकून बसायचो. पोट भरलं की पोरं आपली आपण चिंचोक्यांत रमतात. ताई, चार वर्षांच्या मुलीला तुमची १५ मिनिटं पूर्ण द्या, फोन नाही, गॅसवर काही नाही. तिला स्वतःच्या काड्या द्या, स्वतःची रबरं द्या. तिच्या हातात तिचं असलं तर ती भावाच्या जुड्यांना हात लावणार नाही, आणि लावला तरी कमी लावेल.

त्या एकोणसाठच्या गोंधळाबद्दल. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पन्नास नऊ अशी वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण मी वर्गात कित्येक वर्षं दोन्ही म्हणून घेत होतो. आधी पन्नास आणि नऊ, काड्या बघून, मग एकोणसाठ. साठाला एक उणा म्हणून एकोणसाठ हे मुलाला काड्यांत दाखवलं की त्याला त्या शब्दाची भीती राहत नाही.

आता मोठ्या मुलीचं. हे लिहायला मला जड जातंय पण लिहितो. माझ्या शाळेत चौथीला एक मुलगी होती, फार हुशार, अक्षर मोत्यासारखं. मी तिला पहिलीची विषयमित्र केलं. ती इतकं छान घ्यायची की मी वर्षभर पहिलीची बाराखडी तिच्यावरच टाकली. तेव्हा स्कॉलरशिपची परीक्षा चौथीला असायची, पाचवीला ती २०१७ मध्ये नेली. ती मुलगी बसली आणि थोडक्या गुणांनी हुकली. तिने एक शब्द काढला नाही. मला मात्र माहीत होतं की सरावाचे जे तास तिचे होते ते मी पहिलीला दिले. पुढे मी नियम केला, विषयमित्र दिवसाला दहा मिनिटं, आणि रोज वेगळा. तुमच्या घरी रोज वेगळा मिळणार नाही म्हणून दहा मिनिटंच, तीही तिला विचारून, आणि ती नाही म्हणाली तर नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करायला गेल्या तेव्हा त्यांच्या हेच लक्षात आलं होतं की थोरल्या मुली शाळेत येत नाहीत कारण त्यांच्या कडेवर धाकटी भावंडं असतात. त्यांनी त्या मुलींना रागावलं नाही. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली, धाकट्यांना तिकडे घेतलं आणि थोरल्यांचे हात मोकळे केले. तुमच्या घरात ते पाळणाघर म्हणजे दुपारची झोप, शेजारची आजी, नाहीतर मिस्टर घरी असतील ते दोन तास. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी झोपू द्या पण चार ते पाच धाकटी त्यांच्याकडे असू द्या.

---

वैशाली_थोरली

गुरुजींचं वाचून डोळ्यात पाणी आलं. मी चौघांतली थोरली. आमची आई शेतावर जायची, धाकटा भाऊ माझ्याच कडेवर वाढला, आणि सगळे म्हणायचे किती गुणी आहे पोरगी. गुणी म्हटलं की पुढे काही मागता येत नाही, हे त्या वयात सांगताही येत नाही. तुझ्या लेकीने लिहिलं तरी, पेन्सिलने का होईना. मी कधी लिहिलं नाही.

एक सुचवते, तिला विचार की तिला काय शिकायचंय जे धाकट्यांपैकी कुणालाच येणार नाही. मला हार्मोनियम शिकायची होती. तिचं काय आहे ते बघ.

---

मृणाल_तळेगाव

आठ दिवसांनी येतेय, सगळ्यांचे मनापासून आभार, नीलेशदादा तुमचेपण, रागवले नाहीये, दहावीचा विचार डोक्यात होता पण अमितदादांनी इतकं सुटं करून सांगितलं तसा नव्हता. गुरुजी तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. त्याने काही न बोलता चार ते पाच घेतला. रोज धाकटीला घेऊन खाली जातो, पार्किंगमध्ये तिची सायकल चालवतो.

सोमवारी सकाळी कार्डशीट काढलं. धाकटीला तिच्या तीस काड्या आणि दहा रबरं दिली, तिच्याच डब्यात, आणि ९ ते सव्वानऊ फक्त तिच्याबरोबर बसले. पहिल्या दिवशी सव्वानऊला उठले तर पाय धरून बसली. बुधवारपर्यंत स्वतःच म्हणायला लागली आता दादाची पाळी. हे मला खरंच वाटलं नव्हतं.

मधल्याच्या वजाबाक्या सरावाला लावल्या त्या फक्त त्याला येणाऱ्याच, सोप्या, मला उगाच वाटत होतं की हा मागे पडेल. उलट गुरुवारी त्याने जुडी न सोडता ६१ वजा ३८ वहीवर केलं आणि नंतर काड्यांवर जाऊन पडताळलं. २३ आले दोन्हीकडे. राधिका, हो गं, एकोणसाठला अडायचा, आता काड्या घेऊन साठातली एक काढून दाखवतो आणि मग म्हणतो. वाचन अजून रडतखडतच आहे, रफार बघितला की थांबतो, सूर्य वाचतो पण पर्वत आलं की आधी पवत म्हणतो आणि मग मागे जाऊन र शोधतो. घाई करत नाहीये. पोटदुखी मात्र जूनपासून एकदाही नाही.

मंगळवारी दुपार फुकट गेली. लाइट गेले, धाकटी झोपली नाही, मोठीचा तास बुडाला. मी तिला म्हटलं उद्या डबल. ती म्हणाली डबल नको, उद्याचा उद्याच दे पण दे. म्हणून बुधवारी चार वाजता दार लावून बसलो. (−३) × २ म्हणजे −६, (−३) × १ म्हणजे −३, (−३) × ० म्हणजे ०, असं एकाखाली एक लिहिलं आणि विचारलं दर पायरीला काय होतंय. ती म्हणाली तीनने वाढतंय. मग पुढची पायरी (−३) × (−१). ती बघत राहिली आणि म्हणाली, ३ च यायला पाहिजे, नाहीतर रांग मोडेल. मग तिने स्वतः खालचं लिहिलं, (−३) × (−२) बरोबर ६, आणि मागच्या आठवड्याची वही काढून तिथली मोकळी जागा भरली. समासातली ओळ तिने खोडली नाही, मीही काही म्हटलं नाही.

वैशालीताई, तिला विचारलं. तिला मोडी लिपी शिकायचीये. मला माहितीच नव्हतं, म्हणे आजोबांच्या ट्रंकेत जुने कागद आहेत ते तिला वाचायचेत. आता मोडी कुठून शिकवू, मलाच येत नाही, त्यामुळे आता दोघी शिकणार. कुणाला मोडीची सुरुवात कशी करायची माहीत असेल तर सांगा, वेगळा धागा काढते त्यासाठी.

आणि पाऊस! सायली, काय सांगू, घरातली सगळ्यात मोठी गोष्ट झालीये ती बाटली. सोमवारी गच्चीवर ठेवली. मंगळवारी ६ मिलिमीटर, बुधवारी १८, गुरुवारी ११, शुक्रवारी काहीच नाही, शनिवारी ४. ८:२५ लाच तिघं वर. बुधवारी मोठीने गच्ची मोजली, ६०० चौरस फूट, म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर, गुणिले १८, तर १००८ लिटर! आमच्या गच्चीवर हजार लिटरची एक काळी टाकी आहे, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाली आई रात्रीत ही अख्खी भरली असती. ते सगळं पाणी पन्हाळीतून गटारात गेलं याचं तिला इतकं वाईट वाटलं की सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना पत्र लिहिणार आहे, मराठीचं पत्रलेखन तिथे होऊन जाईल. लोणावळ्याचा आकडा रोज पेपरात बघते, आपल्यापेक्षा इतका जास्त का, म्हणून आता सह्याद्री आणि पर्जन्यछायेचा प्रदेश असं सगळं नकाशावर चाललंय, ते मी शिकवायला काढलेलंच नव्हतं.

फक्त एक भांडण झालंय ते तुमच्यासमोर ठेवते. शुक्रवारी बाटलीत पाणी शून्याच्या रेघेवरच होतं. मधल्याने तक्त्यात तो रकाना मोकळा सोडला, म्हणतो पाऊसच नव्हता तर लिहू काय. मोठी म्हणते शून्य लिहायलाच पाहिजे, कारण मोकळं सोडलं तर ३९ भागिले ४ होऊन सरासरी पावणेदहा येते आणि शून्य धरलं तर ३९ भागिले ५, म्हणजे ७.८. दोघंही ऐकत नाहीयेत. गुरुजी तुम्हीच सांगा असं दोघांचं म्हणणं आहे, त्यांना तुमची पोस्ट वाचून दाखवल्यापासून तुमचं नाव घरात रोज निघतं.

---

गुरुजी_भोर

दोघांनाही आशीर्वाद सांगा. शून्य लिहायचं. मोकळा रकाना म्हणजे त्या दिवशी कुणी मोजायलाच गेलं नाही, आणि तुमचा मुलगा तर ८:२५ ला गच्चीवर होता. त्याने जाऊन बघितलं, पाणी नव्हतं, ते त्याचं मोजणं आहे, त्याच्याच हाताने लिहू द्या.

पावणेदहा आणि ७.८ हे दोन्ही हिशोब मोठीने त्याला काड्यांवर दाखवले तरी चालेल, पण दहा मिनिटांत. आणि ऊन पडलं की बाटलीतलं पाणी आटतं, रेघेच्या खाली जातं, तेव्हा रोज मोजून झाल्यावर धाकटीला रेघेपर्यंत परत पाणी भरायला सांगा.